उन्हाळी परीक्षेला बसणारी इमारत

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या परीक्षा दोन: हिवाळी आणि उन्हाळी. यवतमाळ जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालयं याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. या दोन परीक्षांतली उन्हाळी परीक्षा नावाला जागते. दुपारचं सत्र, सर्वांत वरचा मजला, बाहेर पारा ४२-४३ अंशांवर. मनगटाचा घाम उत्तरपत्रिकेला लागू नये म्हणून मुलं हाताखाली रुमाल ठेवून लिहितात. डोक्यावर पंखा असतो, पण तो तापलेल्या छताखालची हवाच ढवळत राहतो. त्या तीन तासांत मुलांबरोबर इमारतही परीक्षेला बसलेली असते, आणि पुष्कळ इमारती नापास होतात.

गंमत अशी की त्यातल्या कित्येक इमारती कागदोपत्री ‘हरित’ असतात. छतावर सौर पॅनल असतात, वर्गात एलईडी दिवे असतात, फाटकापाशी वृक्षारोपणाचा फलक असतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत ऊर्जा, पाणी आणि पर्यावरण यांबद्दल विचारणा होते, त्यामुळे ज्याचा फोटो काढता येतो आणि ज्याचं बिल जोडता येतं ते फाइलमध्ये चटकन जाऊन बसतं. इमारतीचं तोंड कुठे आहे, छताचा थर कसला आहे, पाया कोणत्या मातीत आहे, या गोष्टींचा फोटो निघत नाही. यवतमाळच्या हवेत आणि मातीत इमारत पर्यावरणपूरक ठरते ती मात्र याच गोष्टींवर. यंत्रांचा नंबर नंतर लागतो.

ऊन येतं कुठून

यवतमाळ उत्तर अक्षांश २०.४ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे मेच्या २२-२३ तारखेला इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यातच नाहीशी होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हाच प्रकार पुन्हा घडतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. ऐन उन्हाळ्यात दुपारचं ऊन भिंतींवर फारसं पडतच नाही. ते सगळं छतावर येतं.

भिंतींचा हिशेब वेगळा आहे. दक्षिणेकडची भिंत लोकांना वाटते तितकी वैरीण नाही. समजा दक्षिणेला चार फूट उंचीची खिडकी आहे आणि तिच्यावर दीड फुटाचा छज्जा आहे. मार्चच्या २१ तारखेला दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ७० अंश वर असतो, आणि तेवढ्याशा छज्ज्याची सावली चार फूट खाली येते. म्हणजे पुरी खिडकी झाकली जाते. तिथून पुढे सप्टेंबरपर्यंत दुपारचा सूर्य त्याहून वरच राहतो. डिसेंबरात तो ४६ अंशांपर्यंत उतरतो, त्याच छज्ज्याची सावली दीड फुटावर थांबते आणि उरलेल्या अडीच फुटांतून कोवळं ऊन वर्गात येतं. हिवाळी परीक्षेला तेच हवं असतं. एक पैसा जास्तीचा न घालता, नुसत्या भूमितीवर हे साधतं.

पश्चिमेला ही भूमिती चालत नाही. चार-साडेचारला सूर्य जेमतेम ३० अंशांवर असतो, तेव्हा दीड फुटी छज्ज्याची सावली कशीबशी दहा इंच पडते. जूनमध्ये तर सूर्य मावळतो तोच पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला. म्हणून वर्गांच्या मोठ्या खिडक्या पश्चिमेला ठेवणं हा नकाशातला सर्वांत महाग पडणारा निर्णय. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवावी, खिडक्या उत्तर-दक्षिण द्याव्यात, आणि पश्चिमेच्या टोकाला जिना, भांडार, स्वच्छतागृह अशा खोल्या घालाव्यात. त्या तापल्या तरी कुणाचा पेपर बिघडत नाही.

वर्ग एकाच बाजूला आणि दुसऱ्या बाजूला उघडा व्हरांडा, ही वऱ्हाडातल्या जुन्या सरकारी इमारतींची मांडणी आता पुन्हा समजून घेण्यासारखी आहे. व्हरांड्यामुळे भिंतीला दिवसभर सावली मिळते आणि वर्गाला दोन्हीकडून उजेड आणि वारा मिळतो. हल्ली जागा वाचवण्यासाठी मधोमध अंधारा पॅसेज आणि दोन्ही अंगांना वर्ग असा नकाशा काढतात. मग भर दिवसा पॅसेजमध्ये दिवे लागतात, आणि एका बाजूच्या वर्गांना वारा नाही तो नाहीच.

तापतं ते छत

पाच-सहा इंचाचा नुसता काँक्रीटचा स्लॅब म्हणजे दुपारी भरलेली आणि संध्याकाळपर्यंत ऊब सोडणारी शेगडी. तापलेला स्लॅब हवा गरम करतोच, शिवाय खाली बसलेल्यांच्या डोक्यावर उष्णतेचा मारा करत राहतो. आपली त्वचा साधारण ३४-३५ अंशांची असते. वर्गातली हवा त्याहून गरम झाली की पंखा फक्त घाम वाळवण्यापुरता उपयोगी उरतो.

यावरचे उपाय जुने आहेत आणि स्वस्तही. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक हे काम आपल्याकडचे गवंडी गळती थांबवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या करतात. कोब्याचा थर उष्णता अडवतो आणि पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. उघडं काँक्रीट अंगावर पडलेल्या उन्हाचा मोठा भाग पिऊन टाकतं, स्वच्छ पांढरा पृष्ठभाग त्यातलं बरंचसं आभाळाकडे परत पाठवतो. अट इतकीच की दरवर्षी फेब्रुवारीत छत धुतलं पाहिजे. धूळ बसली की पांढरा रंग नावापुरता उरतो. कोब्यात मातीची मडकी उलटी बसवण्याचीही पद्धत आहे. मडक्यात कोंडलेली हवा तिथे अडसर होते.

दुसरा उपाय रात्रीचा. उन्हाळ्यात इथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात बारा-चौदा अंशांचा फरक सहज पडतो. रात्रीची हवा आत खेळली तर जाड भिंती थंड होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वर्ग सुसह्य राहतो. अडचण एवढीच की संध्याकाळी पाच वाजता शिपाई सगळ्या खिडक्या लावून कुलूप घालतो. त्याचंही बरोबर आहे, आत संगणक असतात. म्हणून छताजवळ जाळी लावलेले झरोके ठेवायचे. ते रात्रंदिवस उघडे राहतात आणि चोराच्या उपयोगाचे नसतात.

कूलर हा विदर्भाचा घरचा उपाय, आणि शास्त्रीयदृष्ट्या चोख. हवा कोरडी असते तोवर पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. पण मोठा डेझर्ट कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो, तेही जिल्ह्यात पाण्याची सर्वांत ओढ असताना. छत आणि दिशा नीट असेल तर परीक्षागृहापुरते कूलर पुरतात. ती बिघडलेली असेल तर प्रत्येक वर्गाला कूलर लागतो, आणि पुढे एसीची मागणी येते.

काळी माती आणि बरड

यवतमाळ जिल्ह्याचा कापूस ज्या काळ्या मातीवर उभा आहे, तीच माती इमारतीची वैरीण. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. फुगण्याचा जोर इतका असतो की एकमजली हलकी इमारत उचलली जाते, पुढच्या उन्हाळ्यात खाली बसते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. अशा तड्यात दरवर्षी सिमेंट भरलं जातं. दरवर्षी तो पुन्हा उघडतो.

म्हणून जागा निवडणं हा पहिला हरित निर्णय. काळी जमीन कापसाला आणि तुरीला सोडावी आणि इमारत बरडावर, मुरमाड माळावर बांधावी. शेतीला जी जमीन निरुपयोगी तीच पायाला भक्कम. काळ्या मातीवर बांधणं अटळ असेल तर दोन वाटा आहेत. एक, माती खणून काढून मुरमाचा जाड थर दाबून भरायचा. मुंबईच्या आयआयटीतले आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर काळ्या मातीवर घातला तर तिचं फुगणं आटोक्यात राहतं हे दाखवलं, आणि कालव्यांच्या कामात ते तंत्र रूढ झालं. दुसरी वाट रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रुजवलेली: तळाशी कांद्यासारखा फुगीर घेर असलेले, जमिनीत साडेतीन मीटरच्या आसपास उतरणारे खांब. तितक्या खोलवर पावसाळा-उन्हाळ्याचा फरक फारसा पोचत नाही, म्हणून फुगीर तळ जागचा हलत नाही. वरच्या तुळईखाली थोडी पोकळी सोडतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला धक्का लागत नाही.

इथेच बाहेरून आणलेली हरित यादी यवतमाळच्या मातीत अडखळते. भिंतीला लागून झाडं लावा, पायाजवळ पुनर्भरणाचा खड्डा घ्या, चहूबाजूंनी हिरवळ ठेवा, हे सल्ले मुरमाड जमिनीत चालतील. काळ्या मातीत भिंतीलगतचं मोठं झाड पायाखालची ओल ओढून घेतं आणि माती आकसते. पुनर्भरणाचा खड्डा नेमकी तिथेच ओल सोडतो आणि माती फुगते. हिरवळीला रोज पाणी घातलं की इमारतीची एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी राहते, आणि पाया तिरका बसतो. झाड जितकं उंच होणार असेल तितकं भिंतीपासून दूर लावावं, पुनर्भरण उताराच्या खालच्या अंगाला न्यावं, आणि इमारतीच्या सभोवार बाहेर उतरत जाणारी फरसबंदी करावी.

भिंती कशाच्या

सिमेंटचा कार्बनचा हिशेब समजायला शाळेतलं रसायनशास्त्र पुरतं. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीला लागणारा कोळसा त्यावर वेगळा. भट्टी कितीही आधुनिक केली तरी हे ४४ किलो चुकत नाहीत. जिल्ह्यातल्या वणी भागात चुनखडीही आहे आणि कोळसाही, मुकुटबनला सिमेंटचा मोठा कारखाना आहे. माल जवळचा म्हणून वाहतूक वाचते, हे खरं. पण खरी बचत सिमेंट कमी वापरण्यात आहे.

ती कशी करायची? चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची राख शेजारच्या जिल्ह्यातच पडलेली आहे. औष्णिक केंद्रांपासून ३०० किलोमीटरच्या आत बांधकामांनी राखेचे पदार्थ वापरावेत असा केंद्र सरकारचा नियम २०१६ सालापासून आहे. राखेच्या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत आणि नदीकाठची सुपीक गाळमाती त्यांच्यात खर्ची पडत नाही. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याची, वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली पद्धत घेतली, तर नऊ इंची भिंतीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात, आणि मधली हवा ऊनही अडवते. कोपरगावच्या शारदा शाळेत २०१८ साली समीप पडोरा यांच्या वास्तुरचना कार्यालयाने माया सोमय्या ग्रंथालय बांधलं. त्याचं छत म्हणजे पातळ विटांची लाटेसारखी कमान आहे, आणि मुलं तिच्यावर चढतात. आकार अचूक असेल तर वीट थोडक्यात केवढं अंतर पेलते, हे तिथे दिसतं.

कापसाच्या जिल्ह्यात आणखी एक साहित्य दरवर्षी वाया जातं: पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. वेचा संपला की ती उपटून बांधावर जाळतात किंवा चुलीत घालतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या भुग्यापासून पार्टिकल बोर्ड करण्याची रीत विकसित केली आहे. वर्गांमधले आडोसे, फलक, कपाटं, छताखालचं आच्छादन यांना असा बोर्ड चालतो. विदर्भात कुडाच्या भिंतींना पऱ्हाट्या-तुराट्या पूर्वापार वापरतच आले आहेत, तेव्हा हे काही परकं साहित्य नाही.

मात्र नैसर्गिक साहित्य म्हणजे आपोआप चांगलं, असा भाबडेपणा नको. चंद्रपूर जिल्ह्यात मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा परिसर बांबूतच उभारला जात होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे आग लागली आणि मोठा भाग जळाला. बांबूत पिष्ट असतं म्हणून कीड लागते, आणि पोकळ असतो म्हणून आग पसरते. बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया, दोन इमारतींमध्ये मोकळी जागा, आग विझवायला हाताशी पाणी, हे सगळं अंदाजपत्रकात धरूनच बांबू स्वस्त की महाग हे ठरवायला हवं.

पाण्याचा खरा हिशेब

२०१७ चा पावसाळा कमी झाला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांवर अवलंबून असलेल्या यवतमाळ शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येऊ लागलं. पावसाचं पाणी साठवण्याच्या प्रत्येक योजनेचा ताळेबंद अशा वर्षाला धरून मांडला पाहिजे. आधी सरासरी वर्षाचं पाहू.

छत १,००० चौरस मीटर धरा आणि वर्षाचा पाऊस ९०० मिलिमीटर. उडालेलं, सांडलेलं, पहिल्या पावसाचं धुऊन टाकलेलं पाणी वजा करून ८० टक्के हाती लागलं, तर ७ लाख २० हजार लिटर मिळतात. ऐकायला आकडा दांडगा आहे. पण राष्ट्रीय इमारत संहितेत दिवसा भरणाऱ्या महाविद्यालयासाठी माणशी रोज ४५ लिटर धरतात. हजार विद्यार्थ्यांना ते पाणी सोळा दिवस पुरेल. ‘पावसाच्या पाण्यावर कॉलेज स्वयंपूर्ण’ अशी पाटी लावणाऱ्यांनी हा भागाकार करून पाहावा.

आता तेच पाणी फक्त पिण्यासाठी राखा. माणशी चार लिटर, म्हणजे दिवसाला ४,००० लिटर. ७ लाख २० हजार लिटर १८० दिवस जातात, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला वर्षाकाठी अपेक्षित असलेले अध्यापनाचे दिवसही १८०च. यातले काही दिवस पावसाळ्यातलेच असल्याने सगळं पाणी एकदम साठवावं लागत नाही. ऑक्टोबरपासूनचे १२० दिवस धरले तर सोळा मीटर लांब, दहा मीटर रुंद, तीन मीटर खोल टाकं पुरतं. २०१८ सारख्या वर्षाच्या आधी ते काठोकाठ भरणार नाही, पण निम्मं भरलं तरी दोन महिन्यांचं पिण्याचं पाणी हाती राहतं.

या जिल्ह्यात पिण्यासाठी पावसाचं पाणी राखण्याला आणखी एक सबळ कारण आहे. केळापूर-पांढरकवडा भागातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, आणि दुसरा पर्याय नसेल तर १.५ ही कमाल मर्यादा. त्यापुढे दातांवर डाग आणि हाडांना त्रास. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड नसतं. स्वच्छ छत, गाळणी आणि निर्जंतुकीकरण एवढं सांभाळलं की झालं.

उरलेली गरज दुसऱ्या वाटेने भागवायची. माणशी ४५ लिटरपैकी जवळपास निम्मं फ्लशला जातं, आणि तिथे हात धुतलेलं, गाळलेलं पाणी चालतं. बेसॉल्ट खडकात पाणी मुरतं ते भेगांमधून आणि कुजलेल्या थरातून, सरसकट नाही. म्हणून पुनर्भरणाचा खड्डा कुठेही न खणता, विहिरीचा किंवा बोअरचा खडक बघून खणायला हवा.

वीज शेवटी

एवढं झाल्यावर सौर पॅनलकडे यावं. एका किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर छत लागतं आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. ५० किलोवॅटचा संच दिवसाला २०० युनिट देतो, आणि पॅनलची सावली छताला मिळते ती वेगळी. पण पॅनलला ऊन आवडतं, उष्णता नाही. तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. मे महिन्यात पॅनल ६० अंशांवर गेला की चौदा टक्के गेलेच. पॅनलखाली वारा खेळेल एवढी उंची ठेवणं आणि महिन्यातून दोनदा धूळ धुणं, यातून नुकसान कमी होतं.

गृह (GRIHA), आयजीबीसी यांसारखी हरित इमारतींची मानांकनं या सगळ्याची शिस्तबद्ध तपासणी करतात. टेरी या संस्थेने तयार केलेलं गृह मानांकन केंद्र सरकारने २००७ साली राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारलं, आणि ते पहिल्यांदा मिळवणारी इमारत एका शिक्षणसंस्थेचीच होती: कानपूरच्या आयआयटीतलं पर्यावरण अभियांत्रिकी केंद्र. मानांकनाचा उपयोग आहे. पण ते मिळतं इमारत नवी असताना, आणि इमारत वापरली जाते पन्नास वर्षं.

निविदेतलं एक कलम

यवतमाळच्या शेजारी, वर्धा जिल्ह्यात, १९३६ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या दोन वास्तू आहेत. सेवाग्रामचं आदिनिवास आणि त्याजवळची बापूकुटी माती, बांबू आणि कवेलू यांची आहे, आसपासच्या माणसांनी आसपासच्या साहित्यात बांधलेली. घराचं साहित्य पाच मैलांच्या आत मिळावं, हा गांधीजींचा आग्रह लॉरी बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. माती पावसात धुपते आणि कवेलू माकडं हलवतात, तरी त्या वास्तू टिकल्या, कारण सारवण आणि कवेलू फेरणं तिथे कधी थांबलं नाही. आपल्या महाविद्यालयांत बांधकामाला निधी मिळतो आणि देखभालीला मिळत नाही. छत धुवायला माणूस नाही, टाक्याची गाळणी बदलायला लेखाशीर्ष नाही, आणि म्हणून चांगली रचनाही पाच वर्षांत निकामी होते.

त्यावर सर्वांत व्यवहारी उपाय निविदेत आहे. काम सर्वांत कमी दराला जातं, आणि दर म्हणजे फक्त बांधण्याचा खर्च. वीज, पाणी आणि दुरुस्तीचा पुढच्या पन्नास वर्षांचा खर्च त्या दरात नसतो. म्हणून दोष निवारणाचा कालावधी किमान एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा एक पूर्ण उन्हाळा असा ठेवावा आणि अंतिम देयक त्यानंतर द्यावं. काळी माती एकदा फुगून आकसल्याशिवाय पाया खरा आहे की नाही हे कळत नाही. त्या उन्हाळ्यात एप्रिलच्या दुपारी, कूलर बंद ठेवून, वरच्या मजल्यावरच्या वर्गातलं तापमान स्थापत्य विभागाच्या विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावं आणि व्हरांड्यातल्या सावलीतल्या तापमानाशी ताडून पाहावं. वर्ग व्हरांड्यापेक्षा गरम निघाला तर छताचं काम कंत्राटदाराने पुन्हा करून द्यावं. एवढं एक कलम घातलं तर दिशा, छत आणि पाया यांचा विचार नकाशा काढतानाच सुरू होईल, आणि स्थापत्याच्या मुलांना शिकण्याजोगा पहिला प्रकल्प त्यांच्याच आवारात मिळेल.